रेषेबाहेरच्या शिक्षिका

ओहोटी लागली, की हर्णेच्या किनाऱ्यावरील पाणी हळूहळू मागे सरते आणि ओल्या वाळूचा एक रुंद पट्टा उघडा पडतो. ही वाळू पायाखाली किंचित दबते. पण पाय रुतू देत नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्गाचा तट उभा असतो. एका बाजूस नांगरलेल्या होड्यांतून मासळीच्या टोपल्या उतरत असतात आणि लिलावाचा गलबला चाललेला असतो. त्या गर्दीपासून थोड्या अंतरावर मुलांचा हुतूतूचा डाव रंगतो. मैदान आखण्यास त्यांना चुना लागत नाही, की दोरी लागत नाही. एक मुलगा टाच ओढीत सरळ चालत जातो आणि मध्यरेषा तयार होते. संध्याकाळी भरती येते व ती रेषा पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा नवी रेषा ओढतात.

मुलांनो, असा डाव तुम्हीही खेळला असाल. खेळताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? जो गडी बाद होऊन रेषेबाहेर बसतो, त्याची नजर एकाएकी तीक्ष्ण होते. "अरे, डावा कोपरा मोकळा पडला आहे!" "त्याचा दम संपत आला आहे, आता धरा!" असे तो ओरडून सांगू लागतो. मघाशी आत असताना त्याला स्वतःला हे दिसत नव्हते. डाव तोच, गडी तेच. परंतु रेषेबाहेर आल्याबरोबर त्याला संपूर्ण डाव दिसू लागतो.

अशा रीतीने रेषेबाहेर उभे राहून पाहणे आणि पाहिलेले आतल्यांना शिकवणे, हेच काही माणसांचे जीवितकार्य असते. त्यांना आपण प्रशिक्षक म्हणतो. विजयाची बातमी छापून येते, तेव्हा खेळाडूंची नावे मोठ्या अक्षरांत असतात. प्रशिक्षकाचे नाव बहुधा शेवटच्या ओळीत सापडते. महाराष्ट्रातील अशाच एका प्रशिक्षिकेची ही हकिगत आहे. त्यांचे नाव शैलजा जैन. नाशिक ही त्यांची कर्मभूमी आणि कबड्डी हा त्यांचा विषय.

हुतूतू आणि कबड्डी हे मुळात एकाच खेळाचे दोन अवतार होत. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत तो निरनिराळ्या नावांनी व नियमांनी खेळला जाई. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमी मंडळींनी त्याला नियमांची शिस्त लावण्यात पुढाकार घेतला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डीचाही समावेश होता. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आपले आयुष्य या खेळाच्या प्रसाराला वाहिले. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ 1990 साली बीजिंग येथे प्रथम समाविष्ट झाला. स्त्रियांच्या कबड्डीला मात्र त्यासाठी आणखी वीस वर्षे, म्हणजे 2010 च्या ग्वांगझू येथील स्पर्धेपर्यंत, वाट पाहावी लागली.

हा खेळ वरवर पाहता अगदी साधा वाटतो. त्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, जाळेही लागत नाही. स्त्रियांच्या कबड्डीचे मैदान 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद असते. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सात सात खेळाडू उभ्या राहतात. एकीने "कबड्डी, कबड्डी" असा उच्चार अखंड चालू ठेवून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचे, कोणाला तरी स्पर्श करायचा आणि परत यायचे, यास चढाई म्हणतात. तिला मध्यरेषेपलीकडे अडवून ठेवायचे, यास पकड म्हणतात. चढाईसाठी तीस सेकंद मिळतात. उच्चार तुटला, तर चढाई करणारी बाद होते. सातही गडी बाद झाले, तर त्या संघावर लोण चढतो आणि प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात.

परंतु साधेपणा आणि सोपेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीस सेकंद एकाच श्वासावर बोलत राहायचे, त्याच वेळी पायांनी वेगाने सरकायचे, आणि समोरच्या सात जणींपैकी कोण कोठे हालते यावर लक्ष ठेवायचे, हे किती अवघड आहे, याचा अनुभव तुम्ही घेऊन पाहावा. पकड करणाऱ्यांचे कामही तितकेच कठीण असते. एकीने घोटा धरला आणि दुसरी क्षणभर उशिरा आली, तर धरणारी स्वतःच बाद होते. म्हणून त्या दोघी दोघींनी हात गुंफून साखळी करतात आणि एकमेकींच्या हाताच्या ओढीवरून मनातले ओळखतात. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते रोजच्या सरावातून अंगात मुरते, आणि तो सराव योग्य दिशेने चालला आहे की नाही, हे पाहण्यासाठी रेषेबाहेर कोणीतरी जाणते उभे असावे लागते.

शैलजाबाईंनी हे काम नाशिक येथे अनेक वर्षे केले. आजच्याप्रमाणे दूरचित्रवाणीवर कबड्डीचे सामने दिसत नव्हते, या खेळात नाव आणि पैसा मिळू शकतो असे कोणाला वाटत नव्हते, त्या काळात त्या मुलींना शिकवू लागल्या. मुलींच्या खेळाचा प्रशिक्षक म्हणजे केवळ डाव शिकवणारा नव्हे. मुलगी रोज मैदानावर येईल की नाही, तिच्या घरची माणसे तिला परगावच्या सामन्यांस जाऊ देतील की नाही, गुडघे फुटल्यावर ती पुन्हा उभी राहील की नाही, याचीही काळजी त्यालाच वाहावी लागते. खेळ शिकवण्यापूर्वी त्याला विश्वास मिळवावा लागतो. हे सारे करीत शैलजाबाईंनी पुष्कळ खेळाडू घडवल्या. आपल्या देशाच्या महिला संघाला शिकवण्याची संधी मिळावी, ही त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली होती.

अशा वेळी त्यांना इराणहून बोलावणे आले. तेथील महिला कबड्डी संघाला एका अनुभवी प्रशिक्षिकेची आवश्यकता होती. शैलजाबाई तेव्हा वयाच्या साठीच्या सुमारास होत्या. या वयात माणसे आपला व्याप आवरता घेतात. ओळखीच्या गावात, ओळखीच्या माणसांत राहावे असे त्यांना वाटू लागते. शैलजाबाईंनी मात्र आपले सामान बांधले आणि 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धांपूर्वी सुमारे दीड वर्ष त्या इराणच्या मुलींना शिकवू लागल्या.

हा इराण आपल्याला वाटतो तितका परका नाही. हर्णेच्या किनाऱ्यावरून जो अरबी समुद्र दिसतो, त्याचेच पाणी उत्तर-पश्चिमेकडे ओमानच्या आखातात शिरून इराणच्या किनाऱ्याला लागते. प्राचीन काळापासून या पाण्यावरून गलबते ये-जा करीत आली आहेत. पुढे दक्षिणेत फारसी ही दरबाराची भाषा झाली, आणि तिचे कितीतरी शब्द मराठीत येऊन कायमचे राहिले. आपण रोज ज्याला बंदर म्हणतो, तो शब्द फारसी आहे. दर्या हा शब्द फारसी आहे. ज्यावर आपण खेळतो ते मैदान, कोणी चांगला खेळला म्हणजे आपण त्याला देतो ती शाबासकी, यांचे मूळही फारसीतच आहे. आणि कबड्डीत ज्यावर सारा खेळ अवलंबून असतो, तो दमसुद्धा! दम म्हणजे फारसीत श्वास. इराणात 'झू' नावाचा एक देशी खेळही आहे. त्यात गडी एका श्वासात झू असा लांब सूर धरून प्रतिपक्षाच्या बाजूस धावत जातो. तेव्हा कबड्डीचे बीज रुजावे अशी भूमी तेथे होतीच.

तथापि शब्द ओळखीचे असले, म्हणून परदेशातील दिवस सोपे होत नाहीत. शैलजाबाई शाकाहारी, तेथील भोजनात मांसाहाराचे प्राबल्य. तेथील भाषा त्यांना येत नव्हती, आणि त्यांची भाषा मुलींना समजत नव्हती. प्रशिक्षकाचा एक शब्द चुकीचा समजला, तर सारी पकड फसते. म्हणून शिक्षिका स्वतः विद्यार्थिनी झाल्या आणि फारसी शिकू लागल्या. दुभाष्याच्या तोंडून दिलेली शाबासकी आणि शिक्षिकेच्या स्वतःच्या तोंडून आलेली शाबासकी यांत किती अंतर असते, हे ज्याला शिकवण्याचा अनुभव आहे, त्यालाच कळेल.

त्यांनी शिकवण्याची सुरुवात कोठून केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी मुलींच्या दिनक्रमात योगासने आणि प्राणायाम यांचा समावेश केला. इराणच्या मुली ताकदीने कमी नव्हत्या; शरीराने त्या बळकट होत्या. परंतु कबड्डीत ताकदीचा उपयोग श्वासाच्या मर्यादेतच करता येतो. प्राणायामाने श्वास दीर्घ होतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मन स्थिर होते. चढाई करणाऱ्या मुलीचे मन घाबरले, की तिचा श्वास आखूड होतो. श्वास आखूड झाला, की पाऊल घाईने पडते. आणि घाईचे पाऊल प्रतिपक्षाच्या हाती सापडते. पराभवाची ही साखळी जेथे सुरू होते, तेथेच ती तोडली पाहिजे, हे बाईंनी जाणले होते.

दुसरे काम याहून अवघड होते. कबड्डीच्या मैदानावर भारताचे नाव ऐकले, की इतर देशांचे खेळाडू अर्धे हरूनच मैदानात उतरत असत. तसे होण्यास कारणही होते. पुरुषांच्या कबड्डीत 1990 पासून 2014 पर्यंत झालेल्या सातही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक भारताने जिंकले होते. स्त्रियांच्या कबड्डीतील 2010 व 2014 ची दोन्ही सुवर्णपदके भारताचीच होती. 2014 च्या अंतिम सामन्यात तर इराणच्याच मुली भारताकडून 31 विरुद्ध 21 अशा हरल्या होत्या. पुढे 2017 च्या नोव्हेंबर महिन्यात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणमध्येच, गोरगान या गावी भरली. तेव्हा यजमान असूनही इराणच्या महिला संघाला अंतिम फेरी गाठता आली नाही; भारत व दक्षिण कोरिया यांच्यात अंतिम सामना होऊन भारत विजयी झाला. घरच्या अंगणात झालेला असा पराभव मुलींच्या मनाला किती लागला असेल! अशा वेळी प्रशिक्षकाची खरी कसोटी लागते. त्याने रागावून भागत नाही आणि नुसते सांत्वन करूनही भागत नाही. काय चुकले ते शांतपणे दाखवावे लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर उभे राहावे लागते.

गोरगानच्या स्पर्धेनंतर नऊ महिन्यांनी, 2018 च्या ऑगस्टमध्ये, आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियात भरल्या. कबड्डीचे सामने जकार्ता येथे होते. 23 ऑगस्टला भारताचा पुरुष संघ उपान्त्य सामन्यात इराणकडून हरला आणि अठ्ठावीस वर्षांची परंपरा खंडित झाली. दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. आणि इराणच्या बाजूला, रेषेबाहेर, नाशिकच्या शैलजाबाई.

मुलांनो, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. समोर आपल्याच देशाचा ध्वज आहे. ज्या मुली समोर उतरल्या आहेत, त्यांचा खेळ जेथे घडला, त्याच मातीत आपणही वाढलो. आणि आपल्या पाठीशी आहेत डोक्यावर वस्त्र घट्ट बांधून खेळणाऱ्या, दीड वर्ष आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घाम गाळलेल्या इराणच्या मुली. अशा क्षणी मनाने कोणाकडे असावे?

सामना सुरू झाला. मध्यंतराला भारत 13 विरुद्ध 11 असा पुढे होता. मध्यंतरानंतर इराणच्या मुलींनी खेळाचा रंग पालटला आणि आघाडी घेतली. भारतीय मुलींनीही शेवटपर्यंत झुंज सोडली नाही. अखेरची शिटी झाली, तेव्हा गुणफलकावर इराणचे 27 आणि भारताचे 24 गुण होते. चार वर्षांपूर्वी दहा गुणांनी हरलेला संघ तीन गुणांनी जिंकला होता. आशियाई स्पर्धांतील महिला कबड्डीचे सुवर्णपदक प्रथमच भारताबाहेर गेले, आणि ते एका भारतीय शिक्षिकेच्या शिकवणुकीने गेले.

ही बातमी भारतात आली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. आपल्याच देशाला हरवणाऱ्या संघाला आपल्या देशातील व्यक्तीने शिकवावे काय, असा प्रश्नही मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्याही मनात तो आला असेल. त्याला भिऊन दूर सारण्याचे कारण नाही. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

शिक्षकाने एकदा शिष्य स्वीकारला, की आपले ज्ञान त्याला मनापासून देणे हा त्याचा धर्म ठरतो. अर्धे शिकवायचे आणि अर्धे हातचे राखायचे, असे करणारा शिक्षक शिष्याचीही फसवणूक करतो आणि विद्येचीही. शैलजाबाईंनी त्या मुलींना शिकवण्याचे वचन दिले होते. भारत समोर आला म्हणून त्यांनी हात आखडता घेतला असता, तर भारताला सुवर्णपदक मिळालेही असते कदाचित. पण ते खोटे ठरले असते. प्रतिपक्षाच्या प्रशिक्षिकेच्या दयेवर मिळालेले पदक कोणती स्वाभिमानी खेळाडू गळ्यात घालील? आपल्या देशातील मुलींचा खरा मान राखायचा, तर त्यांच्याविरुद्ध पूर्ण सामर्थ्याने लढणे हाच त्याचा मार्ग होता.

खेळाच्या दृष्टीनेही विचार करावा. ज्या खेळात एकच संघ सदैव जिंकतो, तो खेळ हळूहळू मरतो. इतरांना जिंकण्याची आशा उरत नाही, आणि जिंकणाऱ्याला कष्ट करण्याचे कारण उरत नाही. कबड्डी जगाने खेळावी, असे आपण म्हणतो. तर मग कधीतरी जगाकडून हरण्याचीही आपली तयारी हवी. त्या पराभवाने भारताच्या संघाला पुन्हा कंबर कसायला लावली. पुढील आशियाई स्पर्धा 2023 साली चीनमधील हांगझाऊ येथे झाल्या. तेथे 7 ऑक्टोबरला भारताच्या मुलींनी चिनी तैपेईच्या संघाला 26 विरुद्ध 25 असे अवघ्या एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत मिळवले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक होते. एका गुणाचा तो विजय किती कष्टाचा आणि म्हणून किती गोड असेल, याची कल्पना करा.

आणखी एक गोष्ट मात्र मोठ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विहीर आपल्या अंगणात असावी, आणि तिच्या पाण्याची गोडी शेजाऱ्याने चाखून दाखवल्यावर आपल्याला कळावी, असे घडू नये. आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या वाडीत काही जाणती माणसे असतात. ती गाजावाजा करीत नाहीत. त्यांच्या जवळचे ज्ञान ती आहेत तोवरच मागून घेतले पाहिजे.

आज संध्याकाळी हर्णेच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वाळूत पुन्हा एक रेषा ओढली जाईल. आता मुलांबरोबर मुलीही त्या रेषेवर येऊन उभ्या राहोत. डाव रंगला, म्हणजे खेळणाऱ्यांना अवश्य शाबासकी द्या. पण त्या वेळी जरा रेषेबाहेरही पाहा. तेथे कोणीतरी शांतपणे उभे असेल आणि बोटाने मोकळा कोपरा दाखवत असेल. भरती येईल आणि वाळूतील रेषा पुसली जाईल. परंतु त्या माणसाने दाखवलेला कोपरा खेळणारी मुले जन्मभर विसरणार नाहीत.